माशाचें तोंड आणि त्याचा घास

आपला गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडारा जिल्ह्यापासून निराळा झाला; परंतु तलावांचा प्रदेश ही कीर्ति दोघांची सामाईकच राहिली. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं बांधलेले हे तलाव धानाच्या शेतीस पाणी देतात व ढिवर बांधवांस मासे देतात. कुडव्याच्या अनेक घरीं हे मासे शिजतात; पण चुलीवर चढण्यापूर्वीं त्यांचें तोंड निरखून पाहणारे थोडेच. आज तेवढेंच करूं.

कटल्याचें डोकें मोठें व तोंड वर वळलेलें असतें. पाण्याच्या वरच्या थरांतील सूक्ष्म जीव हें त्याचें अन्न. कल्ल्यांतील कंगव्यासारखे बारीक दांते तें गाळून घेतात. रोहूचे ओठ जाड व झालरीदार. तो बहुधा मधल्या थरांत राहून वनस्पतींवर पोसतो. मृगळाचें तोंड खालीं वळलेलें. तो तळच्या गाळांतील कुजका पाला खातो. मरळीचा जबडा रुंद व दांत तीक्ष्ण. ती लहान मासे व बेडूक गिळते. एकाच पंगतींत प्रत्येकाचें पान निराळें, म्हणून भांडण कमी.

हीं तोंडें अशीं निरनिराळीं कशीं झालीं? आपल्या तलावांतील हे मासे फार प्राचीन काळीं एकमेकांपासून वेगळे झालेले असल्यामुळें येथें त्याचें उत्तर सहज दिसत नाहीं. तें पाहण्यास थंड प्रदेशांतील सरोवरांकडे गेलें पाहिजे. सुमारें १०,००० वर्षांपूर्वीं हिमयुग संपलें, बर्फ वितळलें आणि उत्तरेकडे अनेक नवीं सरोवरें निर्माण झालीं. तेथें पोंचलेल्या माशांच्या जाति थोड्या होत्या. पंगतींतील बहुतेक पानें रिकामीं होतीं.

आइसलंड बेटावरील थिंगवाल्लावात्न सरोवरांत चार नांवाचा, सामन कुळांतील मासा आहे. जाति एकच, पण आज तेथें तिचे चार प्रकार आढळतात. दोन प्रकार तळाशीं गोगलगायी व इतर क्षुद्र प्राणी खातात. त्यांचें शरीर जाडसर आणि खालचा जबडा आंखूड असतो. तिसरा प्रकार मोकळ्या पाण्यांतील सूक्ष्म जीव टिपतो, तर चौथा इतर मासे खातो. या दोघांचें शरीर सडपातळ व जबडे सारख्या लांबीचे असतात.

कोणत्याही माशानें इच्छेनें आपलें तोंड वळविलें नाहीं. एकाच मादीच्या पिलांतही थोडाथोडा फरक असतो. ज्याचें तोंड जवळच्या अन्नास अधिक सोयीचें, त्यास पोटभर मिळतें. तें जगतें व तोच गुण संततीस देतें. बालपणींच्या आहारानेंही आकार थोडाफार बदलतो. पुढें अंडीं घालण्याचे काळ व जागा निराळ्या झाल्या म्हणजे प्रकारांची सरमिसळ कमी होते. असें हजारों पिढ्या घडलें. यासच उत्क्रांति म्हणतात.

यावरून आपणांस घेण्याजोगा बोध हा कीं, माशाचें तोंड त्याच्या अन्नाशीं बांधलेलें असतें, व तें एका वर्षांत बदलत नाहीं. तलावाच्या कांठीं बेशरम माजली, पाणवनस्पति नष्ट झाल्या, तर त्यांवर चरणारा व त्यांत अंडीं घालणारा मासा दुसरें पान मांडून बसूं शकत नाहीं. तो नाहींसा होतो, आणि त्याबरोबर ढिवराच्या घरची भाकरीही. आपल्याच जिल्ह्यांत कांहीं गांवांच्या ढिवर भगिनींनीं चिखलांत उतरून बेशरम उपटली व पाणवनस्पति पुनः लावल्या, त्याचें कारण हेंच.

तेव्हां पुढच्या खेपेस घरीं मासा आला म्हणजे प्रथम त्याचें तोंड पाहा, तो कोठें चरत असेल तें सांगा, आणि ती जागा आपल्या तलावांत अद्याप शाबूत आहे काय, हें वडीलमाणसांस विचारा.