सीटी-एमआरआयची सीडी उघडत नाही तेव्हा

आपल्या बहुतेक घरांत कपाटावर नाहीतर लोखंडी पेटीत एक मोठे पाकीट असते. त्यात एक्स-रे, सीटीच्या काळ्या फिल्म, दोन-चार कागद आणि तळाशी एक चकचकीत सीडी. फिल्म डॉक्टर उजेडाला धरून बघतात, कागद वाचतात. सीडीला कोणी हात लावत नाही. आमच्या घरी ती मोबाईलखाली ठेवायला वापरत होते, हे आधीच कबूल करतो.

मागच्या हिवाळ्यात माझे दाजी शेंद्र्याला कामावर असताना शिडीवरून पडले. डोक्याला मार लागला. शहरातल्या एका सेंटरवर सीटी काढला. अहवालात लिहिले होते की कवटीच्या आत रक्ताचा पातळ थर आहे. डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगून घरी पाठवले. पाचव्या दिवशी रात्री डोके ठणकू लागले, दोन उलट्या झाल्या. आम्ही त्यांना करमाडहून गाडीत घालून शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यात नेले. घाईत पाकीट घरीच राहिले. तिथे लगेच नवा सीटी झाला. डॉक्टर म्हणाले, "रक्त दिसतंय. पण ते पहिल्याइतकंच आहे की वाढलंय, हे जुना सीटी पाहिल्याशिवाय कसं सांगू? वाढलं असेल तर आजच ऑपरेशन."

घरी भाचा होता. त्याने फिल्म ट्यूबलाईटसमोर धरून मोबाईलने फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर पाठवले. डॉक्टरांनी बघितले आणि मान हलवली. मग त्याला सीडी पाठवायला सांगितले. घरातल्या लॅपटॉपला सीडी घालायची खाचच नाही. रात्री दहा वाजता त्याने एका दुकानदाराला उठवले. दुकानदाराने सीडीवरची जी फाईल वर दिसली ती पाठवून दिली. ती कुठेच उघडेना. शेवटी पोरगा मोटारसायकलवर सीडी घेऊन वीसेक किलोमीटर आला. दवाखान्याच्या संगणकावर दोन मिनिटांत दोन्ही सीटी शेजारी-शेजारी लागले. थर तेवढाच होता, ऑपरेशन लागले नाही. पण मधले तीन तास ताईने कसे काढले ते मी पाहिले आहे. सीडीची ही विद्या मी त्यानंतर शिकलो. नात्यातल्या, शेजारच्या दहा-बारा जणांच्या सीडी उघडून देताना जे कळले, ते इथे लिहितो.

आधी फोटो का चालला नाही ते. मोबाईलच्या साध्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 छटा मावतात. सीटीच्या फाईलमध्ये सुमारे 4 हजार पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीला मोजमाप आहे. पाणी म्हणजे शून्य. हवा उणे 1000. हाड काही शे ते हजाराच्या वर. मेंदू साधारण 30 ते 40 आणि ताजे गोठलेले रक्त 60 ते 80. मेंदू आणि रक्त यांत अंतर किती थोडे आहे बघा! हे मोजमाप सीटी यंत्र बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाने ओळखले जाते. 1971 साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी झाला, आणि 1979 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. डॉक्टर संगणकावर माऊस ओढतात तेव्हा ते या 4 हजार पायऱ्यांपैकी हवा तो पट्टा उघडतात. एकदा हाडाचा, एकदा मेंदूचा, एकदा रक्ताचा. फिल्मवर त्यातला एखादाच पट्टा छापलेला असतो. शिवाय डोक्याच्या सीटीत शंभर-दोनशे काप असले तर फिल्मवर निवडक वीस-तीसच येतात. बाकी सगळे सीडीतच राहते.

आता फाईल का उघडत नाही. पूर्वी प्रत्येक कंपनीचे यंत्र आपापल्या बोलीत चित्र साठवायचे. एका कंपनीचे चित्र दुसऱ्या कंपनीच्या संगणकाला वाचता येत नसे, आणि रुग्णालय त्याच कंपनीला बांधले जायचे. 1983 मध्ये अमेरिकेतील क्ष-किरण तज्ज्ञांची संस्था आणि यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना एकत्र बसल्या. 1985 मध्ये पहिला नियम निघाला, आणि 1993 मध्ये आजचे रूप आले. त्याचे नाव डायकॉम. स्पेलिंग डी-आय-सी-ओ-एम, शोधताना हेच टाका. म्हणजे चित्राची बोली आता सगळीकडे एक आहे. पण ती वैद्यकीय बोली असल्यामुळे मोबाईलच्या गॅलरीला आणि संगणकाच्या फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रामला ती येत नाही. फाईलच्या नावाशेवटी कधी डीसीएम असते, कधी काहीच नसते, नुसते आकडे असतात. नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिले की उघडेल, असे काहीजण सांगतात. ते खोटे आहे. पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही.

सीडीवर सहसा दोन गोष्टी असतात. चित्रांचा फोल्डर, आणि ती चित्रे दाखवणारा कंपनीचा स्वतःचा छोटा प्रोग्राम. हा प्रोग्राम बहुधा फक्त विंडोजच्या संगणकावर चालतो. म्हणून सेंटरवाला म्हणतो "सीडी घातली की आपोआप उघडते" आणि आपल्या मोबाईलवर काहीच होत नाही. दोघेही खरे असतात. प्रोग्राम चालत नसला तरी चित्रे शाबूत असतात, दाखवणारा दुसरा प्रोग्राम आणावा लागतो, एवढेच.

आणि ती डायकॉमडीर नावाची फाईल! सीडी उघडली की बहुधा हीच वर दिसते, आणि आमच्या दुकानदाराने हीच पाठवली होती. ही पुस्तकाची अनुक्रमणिका आहे. कोणते चित्र कुठल्या फोल्डरात आहे एवढेच तिच्यात लिहिलेले असते, चित्र एकही नसते. फाईलचा आकार बघा. सीटीचा एक काप साधारण अर्धा एमबी, म्हणजे तीनशे कापांना 150 एमबी. तुम्ही पाठवलेली गोष्ट काही केबीचीच असेल तर चित्रे गेलेली नाहीत, हे ओळखा.

विंडोजचा संगणक आणि सीडी ड्राइव्ह असेल तर आधी सीडीवरचाच प्रोग्राम चालवून बघा. नाही चालला तर संपूर्ण सीडी एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. निवडून नाही, संपूर्ण. मग मायक्रोडायकॉम हा प्रोग्राम त्याच्या मूळ साईटवरूनच उतरवा. घरगुती वापराला तो फुकट आहे. तो उघडून फोल्डर त्याच्या खिडकीत ओढून टाकला की काप दिसू लागतात, आणि माऊसचे चाक फिरवले की एकेक पुढे सरकतो. मॅक किंवा लिनक्स असेल तर वीसिस नावाचा प्रोग्राम आहे, तोही फुकट. स्पेलिंग डब्ल्यू-ई-ए-एस-आय-एस.

फाईल डायकॉमच आहे का याची शंका आली तर एक गंमत करून बघता येते. ती नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल, घाबरू नका. सुरुवातीच्या 128 जागा सोडून लगेच डी-आय-सी-एम ही चार अक्षरे दिसली तर फाईल डायकॉमची. बघून झाले की सेव्ह न करता बंद करा, सेव्ह केली तर फाईल बिघडेल. दातांच्या काही थ्रीडी स्कॅनमध्ये मात्र आजही कंपनीची स्वतःची बंद बोली असते आणि ती दुसरीकडे उघडत नाही. तिथे घरी धडपड करू नका. त्याच सेंटरवर जाऊन "डायकॉममध्ये एक्स्पोर्ट करून द्या" एवढे वाक्य म्हणा.

आपल्यापैकी बहुतेकांकडे फक्त मोबाईल आहे. त्यासाठी एकदा कोणाच्या तरी सीडी ड्राइव्हवरून सगळे पेन ड्राइव्हवर घ्यावे लागते. झेरॉक्स किंवा ऑनलाईन फॉर्मच्या दुकानात जुना संगणक असतो, तिथे हे काम होते. काम झाले की त्यांच्या संगणकावरची प्रत आपल्यासमोर पुसून घ्या. पेन ड्राइव्ह मोबाईलला जोडायला ओटीजीची छोटी पिन लागते. ॲपच्या दुकानातून इमायोसचे डायकॉम व्ह्यूअर घ्या. स्पेलिंग आय-एम-ए-आय-ओ-एस, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर मिळते. हलक्या मोबाईलवर ते अडखळते, थोडा धीर धरा.

डॉक्टरांना दूरवर पाठवायचे असेल तर संपूर्ण फोल्डरची झिप करा आणि व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही. आता डॉक्युमेंट 2 जीबीपर्यंत जाते, म्हणजे पूर्ण सीडी मावते. काही सेंटर सीडीऐवजी मोबाईलवर लिंक देतात. ती बरेचदा काही दिवसांनी बंद पडते, म्हणून त्याच दिवशी फाईल उतरवून ठेवा.

एक सावधगिरी. डायकॉमच्या प्रत्येक फाईलच्या पोटात रुग्णाचे नाव, वय, तारीख, दवाखान्याचे नाव लिहिलेले असते. चित्रावर दिसत नसले तरी असते. म्हणून "इथे फाईल टाका, आम्ही उघडून देतो" म्हणणाऱ्या कुठल्याही अनोळखी साईटवर घरच्यांचा स्कॅन टाकू नका, वस्तीच्या ग्रुपवर तर नकोच. दुसरे, "रिपोर्ट" म्हणून आलेल्या फाईलच्या नावाशेवटी एपीके असेल तर तिला हात लावू नका. तो स्कॅन नसतो, तुमच्या मोबाईलमध्ये शिरणारा प्रोग्राम असतो, आणि बँकेतले पैसे त्यातून जातात. चुकून उघडली आणि पैसे गेले तर लगेच 1930 वर फोन करा.

सीडी मिळालीच नसेल तर मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी 3 वर्षे सांभाळाव्या लागतात. तोंडी मागून टाळाटाळ झाली तर साध्या कागदावर अर्ज लिहा आणि एका प्रतीवर पोच घ्या. आपल्या माणसाला काउंटरवरून हाकलून देणे सोपे वाटते. हातात पोच असली की बोलण्याची पद्धत बदलते, हा अनुभव आहे.

जुना सीटी उघडला तर दुसरा टळतो, असे दरवेळी होत नाही. दाजींना तर नवा लागलाच, आणि डोक्याच्या माराला उलट्या सुरू झाल्या की सीडी उघडत बसायचे नाही. पाकीट उचलायचे आणि निघायचे. पण साध्या फेरतपासणीला केवळ जुने दिसत नाही म्हणून पुन्हा स्कॅन करावा लागला तर पैसे जातात आणि किरणही लागतात. डोक्याच्या एका सीटीत साधारण 2 मिलिसिव्हर्ट किरण मिळतात. निसर्गातून वर्षभरात जेवढे मिळतात, जवळपास तेवढे. एमआरआयमध्ये असे किरण नसतात, तिथे खर्च आणि वेळ एवढाच प्रश्न आहे. आणि घरी चित्र दिसले म्हणून रोग आपल्याला कळला, असे समजू नका. मला अजूनही दाजींचा तो थर कोणता, हे दाखवल्याशिवाय दिसत नाही.

सीडी पत्र्याखाली, उन्हात ठेवू नका. उष्णतेने काही फिल्मही काळ्या पडतात. सीडीच्या पाकिटावर पेनाने नाव, तारीख आणि कशाचा स्कॅन ते लिहा, प्रत्यक्ष सीडीवर टोकदार पेन चालवू नका. एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती शहरात राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्या.

माझ्याकडे आता जुना सीडी ड्राइव्ह आहे. दर रविवारी वंदनेनंतर तासभर मी विहाराच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसतो. येताना पेन ड्राइव्ह आपला आणावा, आणि ज्यांचा स्कॅन आहे त्यांना विचारून यावे.