ग्रंथालयांतील नव्या साधनांची परीक्षा

गेल्या वर्षीं एका पालकांनीं आम्हांस विचारिलें, "मास्तर, पुस्तकें तर आतां सर्व मोबाइलवरच मिळतात, मग ग्रंथालयाचा पैसा पुस्तकांवर कशाला?" प्रश्न सरळ होता आणि त्याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. म्हणून उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं आंतरजालावरील कांहीं साधनें ग्रंथालयाच्या संगणकावर लावून पाहिलीं. रीत एकच ठेविली : जें आपल्या कपाटांत आहे व आपणांस नीट ठाऊक आहे, तेंच प्रथम त्यांस विचारावयाचें.

कोश या परीक्षेंत उत्तम उतरले. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीचीं पानें इतकीं ठिसूळ झालीं आहेत कीं, ती मुलांच्या हातीं देववत नाहीं. शिकागो विद्यापीठानें तोच कोश जालावर विनामूल्य ठेविला आहे. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. मात्र त्याचा पहिला खंड 1976 सालचा. तेव्हां एखाद्या गांवाची लोकसंख्या उतरून घेतांना ती कोणत्या शिरगणतीची, हें आधीं पाहावें. मुलें बहुधा पाहत नाहींत.

खरी अडचण जुन्या ग्रंथांची. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' (1857) शोधूं लागलों, तर नांव एके ठिकाणीं जोडून, दुसरीकडे तोडून लिहिलेलें. शिवाय पुष्कळ ग्रंथ म्हणजे केवळ पानांचीं छायाचित्रें होत. यंत्र तीं वाचून अक्षरें बनवितें खरें, परंतु छपाई पुसट असली म्हणजे 'घ'चा 'ध' होतो. त्यांतून 1962 सालीं शुद्धलेखनाचे नवे नियम आले व बरेच अनुस्वार गेले. विद्यार्थी 'शाळेत' असें लिहून शोधतो. जुन्या पुस्तकांत 'शाळेंत' असतें. साध्या शोधांत यंत्र अक्षरास अक्षर ताडून पाहतें आणि "नाहीं" म्हणून मोकळें होतें. आम्ही स्वतः जुन्याच वळणानें लिहितों, त्यामुळें हा घोटाळा आमच्या ध्यानांत फार उशिरां आला. आठवींतील एका मुलीनें तो दाखवून दिला. पुस्तक त्या वेळीं तिच्या हातांत होतें व यंत्र तें वाक्य त्यांत नाहींच असें सांगत होतें.

ग्रंथसूचीसाठीं आम्हीं 'कोहा' हें साधन घेतलें. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयानें तें करवून 2000 सालीं वापरांत आणिलें. मावरी भाषेंत या शब्दाचा अर्थ देणगी असा आहे, आणि त्यास मोलही पडत नाहीं. श्रम मात्र पडतात. लेखकाचें नांव आडनांवानें आरंभावें कीं कसें, हें न ठरवितांच आम्हीं चारशें पुस्तकें चढविलीं आणि तीं सारीं पुन्हां लिहावीं लागलीं.

आतां संग्रहाविषयीं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें त्याच्या ग्रंथांवर हक्क राहतो, असा आपल्याकडील कायदा आहे. सेवाग्रामीं राहिलेल्या महात्माजींचे लेख त्यामुळें 2009 च्या आरंभीं मुक्त झाले. ते आम्हीं संगणकांत भरून ठेविले आहेत, ज्यास हवे त्यानें न्यावे. पवनारास 1982 मध्यें वारलेल्या विनोबांच्या ग्रंथांवरील हक्क 2042 अखेर चालेल. तोंवर परवानगीवांचून त्यांच्या प्रती करून वांटतां येणार नाहींत. दोन्ही स्थळें आपल्याच जिल्ह्यांतील, पण नियम दोहोंस निराळा पडला. त्या पालकांस आम्हीं हेंच सांगितलें, आणि यंदाच्या पैशांतून विनोबांचीं सहा पुस्तकें विकत घेतलीं. तीं दुसऱ्या कपाटांत वरच्या फळीवर आहेत.