एक डिस्क बेळगावात राहू दे

टिळकवाडी, बेळगाव

चि. सोनूस,


नवा कॉम्प्युटर आला, आता ४ टीबीची एक मोठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन घरातलं सगळं तिच्यात भरायचं, असा तुझा बेत ताईनं फोनवर सांगितला. डिस्क जरूर घे, पण एक मोठी घेण्यापेक्षा २ टीबीच्या दोन घे आणि त्यातली एक इकडे माझ्याकडे राहू दे.

दुकानात जाण्याआधी घरात जपण्यासारखं काय आहे ते पाहा. सिनेमे, गाणी गेली तर पुन्हा मिळतील. शेताचा आजचा उतारा ‘भूमी’ या जमिनीच्या नोंदींच्या योजनेमुळे सरकारी कॉम्प्युटरवर आहे, तोही मिळेल. पण माळ्यावरच्या ट्रंकेतली खरेदीखतं? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. आपल्या घरांतले त्या काळातले कागद मराठीत आहेत आणि त्याहून जुने मोडीत. शाई फिकी पडत चालली आहे आणि मोडी वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. तू मोबाइलवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या आहेस, त्यांची तर जगात दुसरी प्रतच नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. दाजींच्या वखारीचे टॅलीतले हिशेब रोज बदलतात आणि जीएसटीच्या कायद्याप्रमाणे ते वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. या गोष्टींचे फोल्डर वेगळे कर. बाकीचं मागून.

जागेचा हिशेब सोपा आहे. फोटो सरासरी ४ एमबीचा धरला तर ४०,००० फोटोंना १६० जीबी लागतात. जागा खातात ते व्हिडिओ, फुल एचडीच्या एका मिनिटाला शंभरेक एमबी. तरी २ टीबी तुम्हाला बरीच वर्षं पुरतील. (विंडोजवर २ टीबीच्या जागी १.८१ दिसेल. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून. डिस्क खोटी नसते.) घेताना लहान, यूएसबीच्या वायरवरच चालणारी घे. मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो आणि कॉपी चालू असताना लाइट गेली की फाइल अर्धवट राहते. एसएसडी वेगवान असते खरी, पण वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची असेल तर माझा कौल साध्या हार्ड डिस्कलाच आहे.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं एक नियम रूढ केला: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची आणि एक प्रत दुसऱ्या जागी. आपल्या भागात यातला शेवटचा तुकडा सगळ्यात मोलाचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं ते तू पाहिलं आहेस. काठच्या गावांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. अशा वेळी टेबलावरचा कॉम्प्युटर आणि शेजारच्या कपाटातली डिस्क एकाच पाण्यात जातात. चोर आला किंवा शॉर्ट सर्किट झालं तरी तेच. तुमची निपाणी आणि माझं बेळगाव यांत पाऊणशे किलोमीटरचं अंतर आहे, ते आपण वापरून घेऊ.

१९९८ साली पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’च्या फाइली एका चुकीच्या कमांडमुळे पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट होतच नव्हता हे त्या दिवशी कळलं. गॅलिन सुसमन या बाई तान्ह्या बाळामुळे घरून काम करत असत. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत निघाली आणि बहुतेक काम तिच्यातून परत मिळालं. तेव्हा बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नकोस. महिन्यातून एकदा डिस्कवरच्या चार-दोन फाइली प्रत्यक्ष उघडून पाहा, आजीची एखादी ओवी शेवटपर्यंत ऐक.

गूगलवर सगळं आहे, असं तू म्हणशील. तिथे फुकटची जागा १५ जीबी. शिवाय मोबाइलवरून चुकून फोटो डिलीट केलास की तिथूनही तो जातो, आणि कचऱ्याच्या डब्यातून वेळेत काढला नाहीस तर कायमचाच. मोडी कागदांचे स्कॅन आणि ओव्या मात्र तिथेही ठेव, त्यांना जागा थोडी लागते.

डिस्क कायम जोडून ठेवू नकोस. रॅन्समवेअर घुसलं तर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद होतात. रविवारी जोड, कॉपी कर, ‘इजेक्ट’ करून काढ. ती फिरत असताना हलवू नकोस, धक्का तिला सोसत नाही. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. टॅलीचा बॅकअप रोज रात्री वेगळ्या पेनड्राइव्हवर घे, त्यासाठी रविवारची वाट पाहायची नाही. बँकेच्या कागदांच्या फोल्डरला पासवर्ड घाल आणि तो कागदावर लिहून ताईकडे दे. फोटोंना आणि ओव्यांना मात्र कुलूप नको. उद्या तू परगावी असलीस तरी घरच्यांना ते उघडता आले पाहिजेत.

दोन्ही डिस्कवर मार्करनं ‘अ’ आणि ‘ब’ लिही. दोन्ही भरून ठेव. गणपतीत मी निपाणीला येईन तेव्हा ‘ब’ घेऊन जाईन. दिवाळीत तू येताना ‘अ’ घेऊन ये आणि ‘ब’ परत ने. येणंजाणं आपलं चालूच असतं, त्यात ही अदलाबदल होत राहील. खरेदीखतं स्कॅन करताना घडीवर जोर देऊ नकोस, कागद तिथेच फाटतो. पाठीमागचे शिक्के आणि सह्याही घे.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा
मामा