'हिला गुन्हेगारी शिकायचीय'

"मॅडम, हिला गुन्हेगारी शिकायचीय," वडील म्हणाले आणि लेकीने कपाळावर हात मारून घेतला. "गुन्हेगारीशास्त्र, बाबा!"

गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले. मुलगी एकुलती एक, नुकतीच बारावी झालेली, कला शाखा. टीव्हीवरच्या मालिका बघून हे खूळ शिरलंय, असं त्यांचं ठाम मत. मुलीने मात्र पिशवीतून ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' काढून टेबलावर ठेवलं. कॉलेजात बक्षीस मिळालेलं. आई शेजारी गप्प बसून होती.

पुस्तक बघून मला बरं वाटलं. १८८१ मध्ये सुरतेत एका ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (पुढे ती कमी झाली). वर्तमानपत्रांनी तेवढ्यावरून समस्त स्त्रीजातीला झोडपलं. बुलढाण्याच्या ताराबाईंनी दुसऱ्याच वर्षी हे पुस्तक लिहून पुरुषांना जाब विचारला. त्याआधी १८६३ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. बाईला शिक्षा करण्याआधी तिच्यावर ही वेळ कोणी आणली ते बघा, हा विचार आपल्याकडे असा जुना आहे. इटलीच्या लोम्ब्रोसोने गुन्हेगार स्त्रियांच्या कवट्या मोजून लिहिलेला ग्रंथ १८९३ चा. त्याला गुन्हा बाईच्या शरीरात दिसला. गुन्हेगारीशास्त्राने बायकांकडे एक तर दुर्लक्ष केलं, नाही तर त्यांच्या वागण्याला शरीराची कारणं चिकटवली, असं कॅरल स्मार्ट या ब्रिटिश अभ्यासिकेने पुस्तक लिहून ठणकावलं, तेव्हा १९७६ साल उजाडलं होतं.

"पण याचा नोकरीशी काय संबंध?" वडिलांचा प्रश्न रास्त होता.

मी त्यांना जुन्या पेपरातली एक बातमी आठवायला सांगितली: 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. चार ओळी, आतल्या पानावर. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद, प्रकरण बंद. सत्तरच्या दशकाअखेर स्त्रीसंघटना विचारू लागल्या, की स्टोव्ह नेमका सुनेच्याच अंगावर कसा भडकतो? सासूच्या का नाही? त्या आंदोलनाच्या रेट्याने १९८३ मध्ये कायदा बदलला. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीची तरतूद झाली. ४९८-अ हे कलम त्याच वर्षीचं, हुंडाबळीचं १९८६ चं. मृत्यू तोच, स्टोव्हही तोच. पण कालपर्यंत ज्याला अपघात म्हणत होते, त्याची गुन्हा म्हणून चौकशी होऊ लागली. हे बदलायला प्रयोगशाळा लागली नाही.

हे पालकांनी नीट समजून घ्यावं, कारण गल्लत इथेच होते. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, डीएनए हे न्यायसहायक विज्ञान. त्याला अकरावी-बारावीला सायन्स हवं. गुन्हेगारीशास्त्र हे सामाजिक शास्त्र. कला शाखेच्या मुलीने आधी समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा समाजकार्यात पदवी घ्यावी, नाही तर सीईटी देऊन पाच वर्षांच्या लॉला जावं. विषय निवडायचा तो पदव्युत्तर टप्प्यावर. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणजे 'टिस' हे त्यातलं जुनं ठिकाण. मद्रास विद्यापीठातही स्वतंत्र विभाग आहे. वर्षभराच्या ऑनलाइन डिप्लोमाच्या जाहिराती भरपूर दिसतात. माझं मत विचाराल, तर पदवीआधी त्यावर पैसे घालवू नका.

कामं कुठली? टिसने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथे समाजकार्य शिकलेली माणसं पोलिसांच्याच आवारात बसून काम करतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० पासून 'दिलासा' केंद्र आहे. 'घसरून पडले' असं सांगणाऱ्या बाईला डॉक्टर तिकडे पाठवू शकतात. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने संरक्षण अधिकारी हे पद आणलं. तुरुंगांतही काम आहे. देशात शंभर कैद्यांमागे जेमतेम चार बायका, त्यामुळे तुरुंगाची सगळी घडी पुरुष डोळ्यांपुढे ठेवून बसलेली. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर आत राहू शकतं. त्याच्या दुधाचं, खेळण्याचं काय, हा प्रश्नही याच अभ्यासाचा. अनुभव वाढला की कंपन्यांच्या लैंगिक छळाविरोधी अंतर्गत समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून बोलावणं येतं.

पगाराचं मी लपवलं नाही. यातल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी. करार लांबतो, मानधन रखडतं. शिवाय दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून घरी आल्यावर जेवण जात नाही, असं सांगणाऱ्या माझ्याच जुन्या विद्यार्थिनी आहेत. ज्या मुलीला लवकर स्थिरस्थावर व्हायचंय, तिने एमपीएससीची वाटही उघडी ठेवावी. हे शिक्षण तिथे वाया जात नाही.

वडील हिशेब करत असावेत. तेवढ्यात आई पहिल्यांदा बोलली. "आमच्या चाळीत एक स्टोव्ह भडकला होता. मी पाचवीत होते." ती मुलीकडे बघत होती. "त्या महिन्यात रेशनवर रॉकेल आलंच नव्हतं. सगळ्या बायकांना ठाऊक होतं. पंचनामा झाला, पण बायकांना कोणी विचारलंच नाही."

वडिलांनी खिशातून पेन काढलं. "टाटाच्या होस्टेलचं काय असतं, मॅडम?"