डब्यातील एल : घरगुती किण्वनाचा एक पाठ

महाविद्यालयाच्या वार्षिकात बिअरवरील लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांनी तर "प्रात्यक्षिकासह शिकवणार की काय?" असे विचारूनही घेतले. तसा बेत नाही. परंतु किण्वनाचे रसायनशास्त्र मी पुस्तकांतून जेवढे शिकलो त्याहून अधिक इंग्लंडमधील एका घराच्या जिन्याखाली शिकलो, ही गोष्ट खरी आहे; आणि ती विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे.

सन १९७८-७९ चे वर्ष मी संशोधनानिमित्त उत्तर इंग्लंडमध्ये काढले. ज्या घरी खोली घेऊन राहत होतो तेथील घरमालक एका कापड गिरणीत फिटर होते. महिन्यातून एका शनिवारी ते बाजारातून पत्र्याचा एक डबा घेऊन येत. डब्यात काळपट तपकिरी, दाट, चिकट द्रव असे. आपल्याकडच्या काकवीत आणि त्यात नुसत्या डोळ्यांना फरक कळला नसता. झाकणाखाली यीस्टची एक लहानशी पुडी. या एका डब्यापासून ४० पाइंट, म्हणजे सुमारे २३ लिटर, एल तयार होत असे. एल म्हणजे वर तरंगणाऱ्या यीस्टने, साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमानात आंबवलेली बिअर. लागर नावाचा दुसरा प्रकार याहून बऱ्याच थंडीत आणि वेगळ्या जातीच्या यीस्टने होतो, म्हणून घरी करणारे बहुतेक लोक एलच करतात.

असले डबे त्या काळी तेथे औषधांच्या दुकानांतही मिळत. बूट्स या प्रसिद्ध औषधविक्रेत्यांकडे त्यांची स्वतंत्र मांडणी असे. हे सारे घडले ते कायद्यातील एका बदलामुळे. सन १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील जुना कर रद्द करून तयार होणाऱ्या बिअरवर कर बसवला, आणि त्याबरोबर घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घेणे भाग पडले. हे बंधन ८३ वर्षे टिकले. सन १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ते काढून टाकले. स्वतःपुरती करा, विकू मात्र नका, एवढीच अट राहिली. (ऊर्ध्वपातन करून कडक मद्य काढण्यास ही सवलत नव्हती व आजही नाही.) अमेरिकेत अशी मोकळीक मिळायला १९७९ उजाडावे लागले; तेथील कायद्यावर अध्यक्ष कार्टर यांची सही १९७८ मध्ये झाली होती.

डब्यात काय असते ते आता पाहू. सातू, म्हणजे जव, भिजवून त्याला मोड आणतात आणि भट्टीच्या उष्णतेने सुकवतात. याला माल्ट म्हणतात. मोड आणून वाळवलेली नाचणी आपल्या घरांत असते, तिचेच हे भावंड. मोड येताना दाण्यात अमायलेज ही विकरे तयार होतात. माल्टचा भरडा ६५ ते ६८ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवला की ही विकरे पिठूळ स्टार्चचे माल्टोज या साखरेत रूपांतर करतात. तापमान फार वाढले तर विकरे नष्ट होतात. कमी राहिले तर काम अर्धवट होते. नंतर हा गोड रस हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात. हॉपमधील आम्ले उकळताना रूप पालटून कडू होतात, आणि हा कडवटपणा केवळ चवीसाठी नसतो. पुष्कळशा जीवाणूंची वाढ त्याने रोखली जाते. हॉपच्या जोरावर टिकणारी लंडनच्या हॉजसन यांची आणि पुढे बर्टन गावची फिकी एल जहाजातून महिनोन्महिने प्रवास करून मुंबई-कलकत्त्याला येई. 'इंडिया पेल एल' या नावात आपला देश आला तो असा.

डबा विकणारा कारखाना ही सर्व कामे स्वतः करतो आणि रसातील बहुतेक पाणी कमी दाबाखाली उडवून उरलेला पाक डब्यात भरतो. थोडक्यात, बिअर करण्यातील सर्वांत कठीण भाग विकत मिळतो. घरी उरते ते काम इतके सोपे की कोणालाही जमावे. डबा गरम पाण्यात ठेवून पाक पातळ करायचा, बादलीत ओतायचा, उकळते पाणी घालून ढवळायचा, एक किलो साखर विरघळवायची, थंड पाण्याने २३ लिटरपर्यंत भर घालायची, कोमट झाल्यावर यीस्ट भुरभुरवायचे आणि झाकण ठेवायचे. डब्यावरील सूचना एवढ्याच. आमच्या घरमालकांची पहिली तीन वाणे मात्र या सूचना अक्षरशः पाळूनही बिघडली. ती का बिघडली, हाच या लेखाचा विषय आहे.

पहिले वाण ऑक्टोबरातले. इंग्रजांच्या घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असते. त्यात टॉवेल-चादरी वाळत घालतात. यीस्टला ऊब हवी म्हणून बादली तेथे ठेवली. दुसऱ्या दिवशी फेस झाकण उचलून बाहेर आला, चादरींवर उतरला आणि त्यावरून त्यांच्या पत्नींनी जे सुनावले ते मी जिन्यावरून ऐकले. तीन दिवसांत सारे शांत. घरमालक खूश झाले. परंतु महिन्याने ती एल प्यालेल्या मंडळींची दुसऱ्या दिवशी डोकी दुखली, आणि तिला नेलपॉलिशसारखा एक वास होता. मी थर्मामीटर नेऊन पाहिले, तर कपाटात २९ अंश. एवढ्या उष्णतेत यीस्ट झपाट्याने वाढते व इथाइल अल्कोहोलबरोबर अधिक जड अल्कोहोले आणि उग्र वासाची एस्टरेही पुष्कळ सोडते. आपण किण्वनाचे समीकरण फळ्यावर लिहितो तेव्हा १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल व ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असा नेटका हिशेब मांडतो. तो चूक नाही. पण यीस्ट हा सजीव आहे आणि त्याच्या संसारातले बाकीचे पदार्थ त्या समीकरणात येत नाहीत. चव ठरते ती मुख्यतः त्यांनीच.

दुसऱ्या वाणाच्या वेळी बादली जिन्याखालच्या अंधाऱ्या फडताळात आली. यावेळी स्वच्छतेचा अतिरेक झाला. चादरींच्या प्रकरणानंतर घरमालकांनी बादली कपड्यांच्या ब्लीचने धुतली आणि घाईत एकदाच विसळली. क्लोरीनचा लवलेश राहिला. माल्टमधील फिनॉलवर्गीय पदार्थांशी त्याचा संयोग होऊन क्लोरोफिनॉले बनली. ही इतक्या अल्प प्रमाणात नाकाला जाणवतात की प्रयोगशाळेतील तराजूने लाजावे. संपूर्ण २३ लिटर एलला दवाखान्यातील मलमपट्टीचा वास! ती मोरीत ओतावी लागली. यीस्ट घालण्याआधी रसाला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी, नाहीतर दह्यातील जीवाणूंचे भाईबंद आंबट करतील किंवा हवेतले ॲसिटोबॅक्टर व्हिनेगर करतील, हे खरेच. तथापि जंतुनाशकही तितक्याच काळजीने धुऊन काढायला हवे. पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवर ग्रंथ लिहिला तो या परक्या जीवाणूंमुळेच, आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले तेही याच त्रासातून सुटण्यासाठी. झाकणाखालच्या त्या पुडीत हा सारा इतिहास कोरडा होऊन बसलेला असतो.

तिसरे वाण जानेवारी १९७९ मधले. त्या हिवाळ्यात तेथे विलक्षण थंडी होती. बादलीच्या झाकणात पाण्याची एक वाकडी नळी बसवलेली असते. आतला वायू तिच्यातून बुडबुडे काढत जातो, बाहेरची हवा आत येत नाही. दहाव्या दिवशी बुडबुडे थांबले. घरमालकांनी ठरवले की किण्वन संपले. बाटल्या भरल्या, प्रत्येक पाइंटमागे अर्धा चमचा साखर घातली आणि पत्र्याची बुचे ठोकली. ही शेवटची साखर मुद्दाम घालतात, कारण बाटलीत ती थोडी आंबून एलला फसफस येते. त्यांच्याकडे हायड्रोमीटर होता. त्यावर १.०१४ असा आकडा मी स्वतः पाहिला होता आणि मला तो जास्त वाटलाही होता. पण पाहुण्याने किती बोलावे, या संकोचाने गप्प राहिलो. तो संकोच मला आजही बोचतो.

एप्रिलात ऊन पडले, घर उबदार झाले. एका रात्री जिन्याखालून स्फोटासारखा आवाज आला, मागोमाग दुसरा, तिसरा. सकाळी फडताळ उघडले तेव्हा भिंतीच्या लाकडात काचेचे तुकडे रुतलेले होते. त्यांचा धाकटा मुलगा आपले बूट त्याच फडताळात ठेवीत असे.

घडले ते असे. यीस्ट मेले नव्हते, थंडीने झोपले होते. १.००९ पर्यंत उतरायला हवे असलेले विशिष्ट गुरुत्व १.०१४ वर अडकले होते. हे पाच अंश क्षुल्लक दिसतात; पण त्यांचा अर्थ लिटरमागे सुमारे १० ग्रॅम न आंबलेली साखर. तिच्या निम्म्या वजनाइतका, म्हणजे ५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होणार, आणि त्याचे आकारमान सुमारे अडीच लिटर. फसफशीसाठी घातलेल्या साखरेचा एक लिटर, पूर्वीच विरघळलेला सुमारे एक लिटर, असे मिळून एक लिटर पेयात साडेचार लिटर वायू. चांगल्या एलमध्ये तो दोन लिटरच्या आसपास असतो. बुडबुडे थांबणे म्हणजे किण्वन संपणे नव्हे. दोन-तीन दिवस लागोपाठ हायड्रोमीटर तोच आकडा दाखवील, आणि तो आकडा अपेक्षेइतका खाली असेल, तेव्हाच बाटल्या भराव्यात. मित्रहो, प्रयोगवहीत 'वाचन स्थिर होईपर्यंत' असे शब्द आपण शेकडो वेळा लिहितो. मला त्यांचा अर्थ त्या सकाळी कळला.

त्यानंतर घरमालकांनी वही घातली. तारीख, तापमान, आरंभीचे गुरुत्व, रोजचे गुरुत्व. याच वहीतून शेवटचा दोष सापडला. वास गेला, स्फोट थांबले, तरी एल पाणचट लागे. हिशेब करून पाहिला. पावणेदोन किलोच्या डब्यातील पाक २३ लिटरमध्ये साधारण २२ अंश देतो आणि एक किलो साखर १७ अंश, मिळून १.०३९. म्हणजे पेयाच्या बळातील दोन-पंचमांशाहून अधिक वाटा किराणा दुकानातील साखरेचा! साखर संपूर्ण आंबते, मागे काही ठेवत नाही. माल्टच्या पाकात यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन व प्रथिने असतात. जिभेवरचा भरीवपणा आणि ग्लासावरचा फेस त्यांच्यामुळे येतो. एक डबा स्वस्त दिसावा म्हणून ग्राहकाला साखर घालायला सांगितली जाते, असे माझे मत आहे. पुढच्या खेपेस साखर वगळून तिच्या जागी माल्टचा पाकच अधिक घेतला. गुरुत्व तेच १.०३९ आले, शेवटी १.०११ वर स्थिरावले. फरक २८, त्याला ०.१३१ ने गुणले की अल्कोहोल सुमारे ३.७ टक्के. डब्यावर 'दहा दिवसांत तयार' असे छापले होते. आम्ही सहा आठवडे थांबलो. ती एल, मी चव पाहिली तेवढ्यावरून सांगतो, गावातल्या पबमध्ये मिळणाऱ्या एलच्या शेजारी बसू शकली असती.

विद्यार्थी नेहमी विचारतात की घरी केलेल्या बिअरने विषबाधा होत नाही काय. विषारी दारूच्या बातम्या वाचून हा प्रश्न येणे साहजिक आहे. तसल्या दुर्घटनांतील मिथेनॉल हे बहुतकरून औद्योगिक द्रव मिसळल्याने आलेले असते. धान्याच्या रसात पेक्टिन जवळजवळ नसल्याने त्याच्या साध्या किण्वनातून मिथेनॉल नगण्य तयार होते. परंतु म्हणून कोणी डब्याच्या शोधात निघू नये. मद्य हा आपल्या राज्यघटनेत राज्यांच्या सूचीतील विषय आहे; कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, आणि परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे दोन्हीकडे गुन्हा आहे.

ज्यांना यीस्टचे काम स्वतः पाहायचे आहे त्यांनी प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, १० ग्रॅम साखर १०० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवून त्यात पावाचे एक ग्रॅम यीस्ट घालावे, चंचुपात्राऐवजी शंकुपात्र घ्यावे आणि तोंडाला कापसाचा सैल बोळा लावून वजन करावे. वायू निघून जाईल तसे वजन घटेल. पाण्याची वाफ वजा धरण्यासाठी यीस्टशिवायचे दुसरे पात्र शेजारी ठेवावे. गणिताने घट फार तर ५.१ ग्रॅम येते; प्रत्यक्षात किती येते आणि किती दिवसांनी, ते २०, २५ आणि ३० अंशांवर वेगवेगळे नोंदवावे. प्रयोग संपल्यावर द्रव मोरीत ओतावा. रबरी बूच लावू नये.