सायकल आधी कागदावर चालवा

मागच्या हिवाळ्यात एका बुधवारी लालबागचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय 54, मधुमेह सहा वर्षांचा, गोळ्या चालू. "डॉक्टर, रविवारपासून अ‍ॅसिडिटी आहे, काहीतरी द्या," म्हणाले. खोदून विचारले तेव्हा कळले की, रविवारी पहाटे मुलाची सायकल घेऊन ते थेट गिरगाव चौपाटीला गेले आणि त्याच दमात वाळकेश्वरचा चढ चढू लागले. तीनबत्तीच्या अलीकडे छाती जड झाली, जबडा दुखू लागला. दहा मिनिटे बसल्यावर बरे वाटले. मंगळवारी चाळीचा जिना चढताना पुन्हा तेच. मी ई.सी.जी. काढला आणि त्याच दुपारी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली होती. अँजिओप्लास्टी झाली, आता ते ठीक आहेत.

यात चूक माझीही होती. "सायकल चालवा" असे दोन महिन्यांपूर्वी मीच त्यांच्या कागदावर लिहिले होते. कोठे, किती वेळ, किती जोराने, हे लिहिले नव्हते. गोळीची मात्रा आम्ही मिलिग्रॅममध्ये लिहितो आणि व्यायामाची मात्र मोघम सोडतो. ती उणीव आज भरून काढतो.

चढ कोठे, सपाटी कोठे?

मुंबईचा पश्चिम किनारा एकसारखा नाही. मलबार हिल, कंबाला हिल आणि वरळीची टेकडी हे काळ्या दगडाचे उंचवटे. मरीन ड्राइव्ह आणि हाजी अलीजवळचा रस्ता हे समुद्रात भराव घालून केलेले. ढोबळ नियम असा की, भराव तेथे सपाट आणि मूळ बेटाचा कडा तेथे चढ. हे सांगायचे कारण, 70 किलोचा माणूस आणि 15 किलोची सायकल मिळून 85 किलो वजन चढावर पायांच्या जोरावर वर न्यायचे असते. सपाटीवरच्या संथ सायकलीपेक्षा त्याला सहज तीन-चार पट जोर लागतो आणि हृदयावरचा भारही तसाच वाढतो.

पहिला महिना : फक्त सपाटी

गिरगावकरांनी चौपाटी ते नरिमन पॉइंट आणि परत, म्हणजे सुमारे सात किलोमीटर, एवढेच करावे. दादर-प्रभादेवीकरांनी वरळी सी फेस गाठावा. आठवड्यातून चार दिवस, सुरुवातीला 20 मिनिटे, मग हळूहळू 35 ते 40. आठवड्याला 150 मिनिटे मध्यम व्यायाम हे आपले उद्दिष्ट. वेग मोजायला यंत्र नको. पेडल मारताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. वाक्य अर्ध्यावर तुटू लागले की वेग कमी करा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही, त्यांनी नाडीपेक्षा या बोलण्याच्या कसोटीवर भिस्त ठेवावी.

पहाटे वारा मंद असतो. संध्याकाळी तो बहुधा पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो. म्हणजे नरिमन पॉइंटहून परतताना, पाय दमलेले असताना, वारा तोंडावर. संध्याकाळी निघणाऱ्यांनी म्हणूनच निम्मी शक्ती संपायच्या आत वळावे.

दुसरा टप्पा : कड्यावरचा फेरा

महिनाभर काही त्रास झाला नाही, तर रविवारी पहाटे चौपाटी, वाळकेश्वर, तीनबत्ती, हँगिंग गार्डन, केम्प्स कॉर्नर, बाबुलनाथ आणि परत चौपाटी असा पाच-सहा किलोमीटरचा फेरा करावा. एकमार्गी रस्त्यांच्या पाट्या पाहून वळावे. चढ लागला की खाली उतरून सायकल हातात धरून चालावे. यात लाज कसली? उतारावर दोन्ही ब्रेक हलके हलके दाबावेत. एकट्या पुढच्या ब्रेकवर भर दिला तर माणूस तोंडावर पडतो. सी लिंक आणि नव्या किनारी मार्गाच्या गाड्यांच्या रस्त्यावर सायकलला बंदी आहे, तिकडे वळू नये.

पावसाळ्यात हा फेरा बंद ठेवावा. ऑगस्ट 2020 मध्ये अतिवृष्टीने मलबार हिलचा उतार खचून रस्ता बंद पडला होता. भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हवर लाटा कठड्यावरून आत येतात हे तर आपण दरवर्षी पाहतो. हिवाळ्यात धुरकट, घुसमटलेली सकाळ असेल तर दमेकऱ्यांनी घरीच थांबावे.

निघण्यापूर्वी

पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखर पाहावी. 100 च्या खाली असेल तर केळे किंवा बिस्किटे खाऊन निघावे. खिशात साखरेची पुडी हवीच. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबून ती तोंडात टाकावी. सीट अशी ठेवा की पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट फार खाली असली की गुडघे दुखू लागतात.

आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा

श्रमाने येणारी आणि थांबल्यावर जाणारी छातीतली, जबड्यातली वा हातातली जडपणाची भावना ही अ‍ॅसिडिटी नव्हे, असेच तपासणी होईपर्यंत धरून चालावे. अशा वेळी सायकल तेथेच ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. बसूनही त्रास थांबत नसेल किंवा गार घाम फुटला असेल, तर 108 ला फोन करावा. पेडल मारत घरी येण्याचे धाडस करू नये.

आमचे लालबागचे गृहस्थ हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी मिळाल्यावर पुन्हा सायकलवर बसले. रविवारी ते मरीन ड्राइव्हवर असतात. वाळकेश्वरचा चढ आला की उतरतात आणि चालत चढतात. त्यांच्या कागदावर आता मी मिनिटे, रस्ता आणि वळण्याची जागा लिहून दिली आहे. तुमच्या डॉक्टरांकडूनही तेवढे लिहून घ्या.