कपडे धुण्याची वडी : तिचे घटक आणि उपयोग

विहिरीकाठच्या धुण्याच्या दगडापाशी अथवा न्हाणीघराच्या कोनाड्यात निळी, हिरवी किंवा पांढरी अशी एक वडी तुम्ही नित्य पाहता. आमच्या कोंकणीत तिला 'साबू' म्हणतात, मराठीत 'साबण' म्हणतात. परंतु बहुतेक वेळी ती साबण नसतेच. रसायनशास्त्र तिला 'कृत्रिम अपमार्जक' म्हणते व बाजारात ती 'डिटर्जंट' या नावाने विकली जाते. आम्ही भाषेचे शिक्षक. तरीही एका वस्तूचे नाव दुसरीस लाभले की दोहोंमधील भेद विस्मृतीत जातो आणि मग वापरातही गोंधळ होतो, म्हणून हा विषय येथे हाती घेतला आहे.

प्रथम साबण म्हणजे काय ते पाहू. खोबरेलासारखे तेल अथवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर शिजविली असता साबण तयार होतो. त्याच्या प्रत्येक रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते व शेपटीसारखा दुसरा भाग तेलाकडे. कपड्यावरील तेलकट मळात या शेपट्या रुततात, मळाच्या कणाला चहूंकडून वेढतात आणि चोळताच तो कण सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. अपमार्जकाचे कार्यही नेमके याच रीतीने चालते.

मग भेद कोठे आहे? तो पाण्यात दिसून येतो. ज्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक, त्यास दुष्फेन पाणी म्हणतात. अशा पाण्यात साबणाचा पांढरा साका होतो, फेस येत नाही आणि साबण फुकट जातो. गोव्यातील जांभ्या दगडाच्या विहिरींचे पाणी सामान्यतः मृदू असल्यामुळे ही अडचण आपणांस फारशी जाणवत नाही. पण घाटापलीकडे काळ्या दगडातील कित्येक विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात ती नित्याची आहे. कृत्रिम अपमार्जकाचा असा साका होत नाही, आणि हाच त्याचा मुख्य गुण होय.

या पदार्थाचा जन्म टंचाईतून झाला. पहिल्या महायुद्धात जर्मनीत तेल व चरबी दुर्मिळ झाली, तेव्हा तेथील रसायनशास्त्रज्ञांनी साबणाला पर्याय शोधण्यास आरंभ केला. अमेरिकेत 1946 साली 'टाइड' ही पूड बाजारात आली. आपल्या देशात 1959 साली 'सर्फ' ही पूड आली. 1969 साली 'रिन' ही वडी आली आणि त्याच वर्षी अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी 'निरमा' ही स्वस्त पूड विकण्यास प्रारंभ केला. त्यानंतर अपमार्जक हळूहळू सामान्य माणसाच्या घरी पोहोचला.

आता वडीचे घटक पाहू. खनिज तेलापासून 'लिनिअर अल्किल बेंझीन' नावाचा द्रव काढतात. त्यावर गंधकाच्या संयुगाची प्रक्रिया केली असता एक दाट, तपकिरी आम्ल मिळते. कारखानदार त्यास 'ॲसिड स्लरी' म्हणतात. धुण्याच्या सोड्याने हे आम्ल उदासीन केले की मळ काढणारा खरा घटक तयार होतो. मात्र शंभर ग्रॅमच्या वडीत तो साधारणतः 10 ते 25 ग्रॅमच असतो. उरलेल्या भागात जादा सोडा असतो, तो मळ सैल करतो. पाण्यातील कॅल्शियम बांधून ठेवण्यासाठी फॉस्फेट अथवा झिओलाइट घालतात. सोडियम सिलिकेटमुळे वडीला घट्टपणा येतो. आकार व वजन यांसाठी चुनखडीची पूड किंवा चिनीमाती घालतात, आणि शेवटी रंग, सुगंध व उजळपणा देणारे द्रव्य मिसळतात. हे उजळद्रव्य मळ काढीत नाही. सूर्यप्रकाशातील अदृश्य जंबुपार किरण शोषून ते निळसर प्रकाश बाहेर टाकते व त्यायोगे कापडाचा पिवळेपणा डोळ्यांना दिसेनासा होतो.

याची प्रचीती तुम्हांस घरीच घेता येईल. वडीचा लहानसा तुकडा पेलाभर पाण्यात विरघळवून रात्रभर तसाच ठेवा. सकाळी तळाशी बसलेला पांढरा गाळ दिसला, तर तो बहुधा भरीच्या पुडीचा होय. त्यावर लिंबाचा रस पिळताच बुडबुडे आले, तर त्यात चुनखडी अथवा सोडा आहे असे समजावे. वडी विकत घेताना केवळ आकार व किंमत पाहू नये, हा धडा त्या एका पेल्यातून मिळतो.

दुसरा समज फेसाविषयीचा. फेस जितका अधिक तितके कपडे स्वच्छ, असे घरोघर मानले जाते. वस्तुतः फेस हे स्वच्छतेचे माप नव्हे. धुलाईयंत्रासाठी तर मुद्दाम कमी फेसाची पूड बनवितात. फेसाच्या हव्यासाने वडी अधिक झिजते, पाणी अधिक लागते आणि शेवटी हा सारा फेस कोठे तरी जाऊन पोहोचतो.

तो कोठे जातो, याचा विचार जगास एकदा सक्तीने करावा लागला. आरंभीच्या अपमार्जकांचे रेणू फांद्या फुटल्यासारखे असत. पाण्यातील जंतूंना ते सहज पचत नसत, म्हणून युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे थर साचू लागले. पश्चिम जर्मनीने 1961 साली याविरुद्ध कायदा केला आणि अमेरिकेतील कारखानदार 1965 साली सरळ साखळीच्या, जंतूंना पचणाऱ्या अपमार्जकाकडे वळले. तरीही प्रश्न पुरता सुटला नाही. फॉस्फेटमुळे पाण्यात शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. सांडपाणी शुद्ध न करता सोडले तर कोणताही अपमार्जक फेसाळतोच. बंगळूरच्या बेल्लंदूर तलावातील अशा प्रदूषित पाण्यावरील फेसाने 2015 साली पेटसुद्धा घेतला होता.

आपल्या गावी तर ही गोष्ट अगदी दाराशी आहे. जांभा दगड सच्छिद्र. जे पाणी आपण विहिरीकाठी ओततो, त्यातील काही भाग झिरपून त्याच विहिरीत उतरू शकतो. म्हणून पुढील गोष्टी ध्यानी धराव्यात. धुणे विहिरीपासून दूर धुवावे. कपडे आधी भिजवावेत, म्हणजे थोडी वडी पुरते. वडी चोळायची ती कॉलर, बाह्या, घोटे अशा मळक्या जागीच. सोड्याचे पाणी नित्य एकाच माडाच्या किंवा केळीच्या मुळाशी ओतू नये, त्याने माती बिघडते. वडी निथळत्या जाळीवर ठेवावी, पाण्यात विरघळू देऊ नये. सुती व कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांस ही वडी योग्य. परंतु रेशीम व लोकर यांचे धागे अल्कलीने दुबळे होतात, त्यांस आजीच्या काळचा रिठाच बरा. अंगाला तर ही वडी कदापि लावू नये.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुमचा शाळेचा पांढरा सदरा ज्या हातांनी उजळतो, त्या हातांचे तेल हीच वडी रोज हिरावून नेते. त्वचा कोरडी होते, बोटांना भेगा पडतात. धुणे आटोपल्यावर हात स्वच्छ पाण्याने धुऊन त्यांस खोबरेल लावावे, हे घरी अवश्य सांगा. आणि त्याहूनही चांगले म्हणजे, आपला सदरा आपणच धुवावयास शिका. वडीचे मोल आणि त्या हातांचे मोल, दोन्ही तुम्हांस एकाच दिवशी कळेल.